मुस्कादे आणि बिनखोबऱ्याच्या तिसऱ्या

कुसुम, परवा माधवरावांचा नाशिकहून फोन आला. तुझं तेरावं झालं, म्हणाले. सगळं रीतीप्रमाणे झालं, माणसं पुष्कळ आली, आणि त्यांच्या आईंनी पान अगदी तुझ्या आवडीचं केलं होतं. मटार-उसळ, सुरळीच्या वड्या, बासुंदी. "बासुंदी" म्हणताना त्यांचा आवाज जरा अडला. तुला गोडाचा केवढा कंटाळा, हे ठाऊक असलेली माणसं दोनच, आणि दोघं फोनच्या दोन टोकांना. मग ते म्हणाले, "वहिनी, तिकडे तुम्ही जमलं तर काही..." पुढचं बोललेच नाहीत. मी म्हटलं, "करते." काय करते, ते त्यांनी विचारलं नाही.

मग तुझ्या मीनूने फोन घेतला. किती मोठी झाल्यासारखी बोलते गं. "काकू, आईचे ते दोन ग्लास तुमच्याकडेच आहेत ना? प्लीज कीप देम. डोन्ट गिव्ह देम टू एनीवन." मी म्हटलं, नाही गं देणार बाळा. तिने फोन ठेवला तरी मी तशीच उभी, कानाला रिसीव्हर लावून. आमचे हे आतून ओरडले, "गो, फोन झालो मा? मगे ठेव तो खाली!" तेव्हा ठेवला.

तुझी ती वाईनची बाटली इतके दिवस माझ्याकडे होती. फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीमागे आडवी. तू म्हणालीस तश्शीच, आडवी.

तू इथे कतरला, बिन महमूदमधल्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आलीस ते मला आठवतंय. तेव्हा समुद्राकाठचा रस्ता अजून पुरता व्हायचा होता, पिरॅमिडसारखं ते हॉटेल तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. संध्याकाळी वाळूचं वारं सुटलं की दाराखालून वाळू आत यायची आणि आपण दोघी एकाच वेळी आपापल्या दाराशी केरसुणी घेऊन. तिथेच आपली ओळख. तू पदर नाकाला लावून विचारलंस, "वहिनी, तुमच्याकडे काय जळतंय का?" मी म्हटलं, जळत नाहीय, हमूर मासा तळतेय. नाशिकची बामणाची मुलगी, द्राक्षमळेवाल्याची लेक. तुझं तोंड असं झालं की मी दार लोटूनच घेतलं. म्हटलं, संपलं, ही आता बोलायची नाही.

आणि थोड्या दिवसांनी तूच आलीस. हळूच म्हणालीस, "वहिनी, तो वास आता मला भुकेचा येतो. काय करू?"

हसायला येतं आठवलं की. मी तुला मासा दिला. काटा कसा काढायचा ते शिकवलं, तू पहिल्या घासाला डोळे मिटलेस. माधवरावांना सांगू नका म्हणालीस, आणि महिन्याभरात माधवराव स्वतःच आमच्याकडे ताट घेऊन बसलेले. नाशिकला मात्र कुणाला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ. ती मी मोडलेली नाही. आता इथे लिहितेय, पण आता तुला कोण रागावणार.

मी तुला मासा दिला आणि तू मला ती मुस्कादे वाईन दिलीस. म्हणजे दिली मोनिकने, पण आणलीस तू.

मोनिक माधवरावांच्या कंपनीतल्या फ्रेंच इंजिनिअरची बायको. अल हिलालला व्हिला होता त्यांचा, दारात बोगनवेल. त्यांच्या देशात एक मोठी नदी समुद्राला मिळते, त्या मुखाजवळच्या रानातली द्राक्षं, त्याची ही पांढरी वाईन. तू समजावून सांगत होतीस आणि मी म्हटलं, "म्हणजे खाडीच म्हण ना, आमच्यासारखी." तू मोनिकला ते सांगितलंस तर ती टाळ्या वाजवायला लागली. यस यस, खाडी! तिच्याकडे कालवं शिंपल्यातून तशीच कच्ची खातात, वर लिंबू, आणि सोबत ही. बारीक मासळी पिठात घोळवून तळतात, सोबत ही. तिसऱ्यांसारखे शिंपले वाफवतात, सोबत ही. मी म्हटलं, आणि मसाला? ती म्हणाली, "नो मसाला. लेमन. फिनिश." मला त्या बाईची दयाच आली.

पण तुझे डोळे मी पाहिले. तुझ्या वडिलांचा मळा, मंडपाला लोंबणारे घड, ते सगळं पेटीत भरून मुंबईच्या बाजारात जायचं. त्या द्राक्षाचं असंही काही होतं, हे तुला तिथे पहिल्यांदा दिसलं. मोनिकने सांगितलं की ही वाईन थंडीभर आपल्या तळाच्या गाळावरच ठेवतात, ढवळत नाहीत, उपसत नाहीत, आणि वसंतात तशीच बाटलीत भरतात. त्यामुळे जिभेला जरा चुरचुरते. मी म्हटलं, "भांडं घासायचा आळस, दुसरं काय!" तू मला कोपर मारलंस. पण घरी येताना गाडीत बोललीच नाहीस. अल हिलाल ते बिन महमूद, एवढा रस्ता. शेवटी म्हणालीस, "वहिनी, बाबांना हे सांगता आलं असतं तर." ते आधीच गेलेले होते. तेव्हा मला कळलं की ही बाई दारूसाठी नाही, भलत्याच कशासाठी त्या बाटलीकडे बघतेय.

मग आपले शुक्रवार सुरू झाले. दारूचा परवाना माधवरावांच्या नावाचा, बाटली तुमच्या घरातून बाहेर काढायची नाही, म्हणून मीच ताटं झाकून समोरच्या दारात. पडदे ओढायचे. तुझे ते उंच देठाचे दोन काचेचे पेले, आणि मी माझं स्टीलचं फुलपात्र घेऊन. तू म्हणायचीस, "वहिनी, स्टीलमध्ये तिची चव मरते हो!" मी म्हणायची, काच आरपार दिसते, मला लाज वाटते. दोन घोट तर प्यायची मी. पण कशाबरोबर काय लागतं हे सांगायला दोन घोट पुरतात.

काय काय करून पाहिलं आपण! हमूरची तुकडी नुसती मीठ-हळद-लिंबू लावून तव्यावर, तर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दुसरी तुकडी उचलली. कोथिंबीरवडी, चांगली. साधा उडदाचा पापड, त्याहून चांगला. मिरचीचा ठेचा आला की वाईन आग ओतते, तो बाद. आणि होळीला तू हट्टाने पुरणपोळीबरोबर घेतलीस. एक घोट घेतलास आणि म्हणालीस, "अगं बाई, हिचं व्हिनेगर झालं!" वाईनचं काही झालं नव्हतं गं, गोडाने तिचं तोंड आंबट केलं. तेव्हा तू जिंकल्यासारखी म्हणालीस, "बघा, हिलाही गोड चालत नाही." जणू आपली बहीणच सापडली तुला.

आणि तिसऱ्या. तिथे आपलं जे भांडण लागलं ते आजपर्यंत.

वक्र्याच्या किनाऱ्यावर आपण ओहोटीला गेलो होतो ना, साड्या खोचून, चमच्याने वाळू उकरत? ते म्हातारे कतरी बाबा पिकअप थांबवून आपल्याकडे किती वेळ बघत होते. मग उतरून आले आणि हिंदीत विचारलं, "क्या ढूँढता? लूलू?" लूलू म्हणजे मोती. तू म्हणालीस, "नहीं बाबा, खाना!" आणि पिशवीतल्या तिसऱ्या दाखवल्यास. ते एवढे हसले, एवढे हसले. त्यांनी तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारल्या होत्या, छाती ठोकून सांगितलं त्यांनी. शिंपला उघडायचा, मोती बघायचा, आतलं मांस फेकायचं. "लूलू खलास," म्हणाले, आणि हात झटकले. मग आपल्या पिशवीकडे बोट दाखवून, "ये अच्छा. ये हर दिन मिलता." जाता जाता वाळूत एक जागा पायाने दाखवून गेले. तिथे खरंच खच होता.

घरी आल्यावर मी खोबरं खवायला घेतलं आणि तू माझा हात धरलास. "वहिनी, आज खोबरं नाही. नुसत्या वाफवा. मीठ, मिरी, लिंबू." मी म्हटलं, "काल मासा खायला शिकलीस आणि वेंगुर्ल्याच्या बाईला तिसऱ्या शिकवतेस? बिनखोबऱ्याच्या तिसऱ्या आमच्याकडे आजाऱ्याला देतात." तू म्हणालीस, "तुमचं खोबरं गोड असतं, आमसूल आंबट, वाटण तिखट. मग हिने काय करायचं, कोपऱ्यात उभं राहायचं?" मी हट्टाने माझ्या पद्धतीच्याच केल्या. तू त्या दोनदा वाढून घेतल्यास आणि वाईन बाजूला सारलीस. पुढच्या वेळी तू नुसत्या वाफवल्यास आणि मी ताट सरकवलं. मी त्या कधी चाखल्याच नाहीत, कुसुम. इतकी वर्षं. तू दर वेळी म्हणायचीस, "एक तरी खा." मी म्हणायची, आजारी पडले की खाईन.

आजारी तू पडलीस.

तुझ्या पोटात काही ठरेना. इथल्या डॉक्टरांनी औषधं दिली, त्याने आणखीच ढवळायचं. माधवराव ऑफिसला, मीनू शाळेत, आणि तू पडद्याकडे तोंड करून पडलेली. मऊ भात आणि माझं ते काळं लिंबाचं लोणचं, एवढंच पोटात राहायचं. माझ्या आईने घातलेलं लोणचं, किती वर्षांचं ते मलाही सांगता यायचं नाही. तू बोटाने चाटायचीस. मी म्हणायची, "बघ, म्हणायचीस ना, जुनं ठेवून काय उपयोग?" कारण ते आपलं दुसरं भांडण. तुझं म्हणणं, मुस्कादे साठवायची वाईन नव्हे, ताजी ताजी प्यायची, उन्हाळा यायच्या आत. मोनिक परत गेली तेव्हा दोन बाटल्या देऊन गेली, त्यातली एक तू आठवड्याच्या आत उघडलीस. मी म्हटलं, दुसरी राहू दे, लोणच्यासारखी मुरेल. तू कपाळाला हात लावलास. "वहिनी, हे लोणचं नाहीय हो! ही मरते ठेवली की." तरी ती दुसरी राहिलीच. आज उघडू, उद्या उघडू, कधी मीनूची परीक्षा, कधी ह्यांची शिफ्ट.

मग मुंबईला जायचं ठरलं. ऑपरेशन, मोठं हॉस्पिटल. माधवराव बॅगा खाली नेत होते आणि तू भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेलीस. बाटली काढलीस, आपले दोन्ही पेले टॉवेलात गुंडाळलेस आणि माझ्या हातात दिलेस. म्हणालीस, "वहिनी, ही ठेवा. आडवी ठेवा. मी आल्यावर उघडू."

ठेवा, म्हणालीस. तू.

मला तेव्हाच कळलं. तुलाही कळलं होतं म्हणूनच ते तुझ्या तोंडून आलं. आत्ताच उघडू या, एक घोट घेऊनच जा, असं अगदी ओठावर आलं होतं माझ्या. पण तसं म्हणणं म्हणजे तू येणार नाहीस असं म्हणणं. मी कशी म्हणणार? मी म्हटलं, "ठेवते. इन्शाल्ला, दिवाळीला उघडू." खालून माधवरावांनी हाक मारली, तू जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरलीस आणि वळून बघितलं नाहीस. मी बाटली पोटाशी धरून उभी. ती गार होती, तेवढंच आठवतं.

दिवाळीला तू हॉस्पिटलमध्ये होतीस. मी फराळ केला नाही.

मला तिकडे येता आलं नाही. व्हिसा, पासपोर्ट ह्यांच्या कंपनीत, ह्यांची रजा, काय काय सांगू. तुझी बातमी आली तेव्हा मी समोरच्या दाराशी गेले आणि घंटा वाजवली. दारात एक केरळी बाई आली, कडेवर पोर. तुमचा फ्लॅट कंपनीने त्यांना देऊन दोन महिने झाले होते, मला माहीत होतं, तरी मी वाजवली. ती "यस आंटी?" म्हणाली. मी म्हटलं, कढीपत्ता आहे का. बिचारीने मूठभर दिला. तो हातात घेऊन मी परत आले आणि मग रडले.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पान वाढतात. त्याला जे जे आवडायचं ते सगळं, मासे असले तर मासे, दारू असली तर दारूसुद्धा, कुणी लाजत नाही. तुमच्यात ते चालत नाही, मला माहीत आहे. पण नाशिकला तुझ्यासमोर बासुंदी ठेवली गं. गोदावरीकाठी तुझ्या नावाने सगळं केलं आणि त्यात तू कुठे होतीस? ती समुद्रावर साडी खोचून वाळू उकरणारी, ती त्या पानात नव्हती. ते पान वाढायला मीच उरले. म्हणून आज शुक्रवार बघून वक्र्याला गेले. हे गाडीतच बसून राहिले, काच वर करून. त्या बाबांनी दाखवलेली जागा काही सापडली नाही, तिथे आता भराव टाकलाय. जरा पुढे मिळाल्या, ओंजळभर.

दोन्ही केल्या. अर्ध्या माझ्या, वाटणाच्या. अर्ध्या तुझ्या, मीठ-मिरी-लिंबू, झाकण घालून, शिंपले उघडले की खाली.

बाटलीचं बूच काढायचा तुझा तो पेच तर सामानात गेला. हे वर्कशॉपमधला एक लांब स्क्रू घेऊन आले आणि पक्कड. बाटली गुडघ्यांत धरून ओढत होते आणि बडबडत होते, "ह्या वयात बायल माका काय काय करूक लावता बघा. कुसुम आसती तर हसली आसती." बूच निघाल्यावर बाटली माझ्याकडे दिली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले, पाठ करून.

केळीचं पान कुठलं इथे, स्टीलचं ताट घेतलं. गच्चीवर कठड्यापाशी मांडलं. तुझ्या पेल्यात ओतली, दुसऱ्या पेल्यात माझ्यासाठी. आज मी फुलपात्र घेतलं नाही, बघितलंस ना? मला वाटलं होतं पिवळी पडली असेल, व्हिनेगर झालं असेल. तुझं म्हणणं खरं ठरेल आणि मी म्हणेन, घे बाई, जिंकलीस.

पण ती जिवंत आहे गं. वास आला तोच समुद्राचा, कैरीच्या सालीसारखा. जिभेला ती चुरचुर, कमी, पण आहे. किती उन्हाळे गेले तिच्यावरून. लोणच्यामागे पडून राहिली आणि टिकली. तू म्हणायचीस ती टिकत नाही. तीच तेवढी टिकली.

मग तुझी एक तिसरी खाल्ली. आजारी पडले की खाईन म्हणायची ती. एक खाल्ली, वर एक घोट घेतला. मग आणखी एक खाल्ली. मग माझी, खोबऱ्याची, खाल्ली आणि वर घोट घेतला, आणि वाईन अशी पाणचट आंबट लागली की मी पेला खालीच ठेवला. बराच वेळ काही खाल्लं नाही. खाली रस्त्यावर गाड्या हॉर्न वाजवत होत्या, मशिदीतून अजान झाली, ऊन कठड्यावरून उतरलं. कावळा आला नाही. एक मांजर आलं, दुरून बघून गेलं. ताट तसंच.

वाईन टिकण्याचं माझं खरं झालं, खोबऱ्याचं तुझं. म्हणजे दोन्ही भांडणं एका दुपारी मिटली, आणि ताटासमोर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. आता मी तुझ्याशी बोलू तरी कशाबद्दल?

म्हणून ऐक. खोबऱ्याचं मी काही कबूल केलेलं नाही. नारळ जुना होता, इथे मिळतो तसला, तेलकट. ओला, ताजा, वेंगुर्ल्याचा नारळ असता आणि आमसूल जरा हात आखडून घातलं असतं, तर काय झालं असतं ते तुला मला कुणालाच ठाऊक नाही. बाटलीत अजून अर्धी आहे. बूच घट्ट बसवलंय, आडवी ठेवता येत नाही आता, उभीच ठेवलीय, लोणच्यामागे.